गोवळकोटच्या गाळातला टग : प्रकल्प नोंदी

२८ नोव्हेंबर २०२३

काल त्रिपुरी पौर्णिमा, म्हणजे पाणी उधाणाचं. वाशिष्ठीच्या खाडीत गोवळकोटच्या खालच्या अंगाला ओहोटीला सांगाडा उघडा पडतो, हे भोईवाडीतले तात्या वर्षभर सांगत होते. आज त्यांच्या होडीतून जाऊन पाहिला. गाळात आडवी पडलेली लाकडी बोट आहे. डेक नाही, एका बाजूच्या फळ्या गेलेल्या, वांक, म्हणजे आतल्या फासळ्या, उघडे. मधोमध एक जाडजूड खुंटा उभा. गावात सगळे तिला टगच म्हणतात, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणारी बोट.

२२ जुलै २०२१च्या पुरानंतर ती दिसायला लागली. त्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. खाडीच्या तळाचं काय झालं, हे मात्र जाळी टाकणाऱ्यांनाच कळलं. कुठे नवा गाळ बसला, कुठे जुना उचलून नेला. या वळणावर नेला.

गावात तिच्या कथा तीन. पहिल्या महायुद्धातला इंग्रजांचा टग, दारूगोळ्यासकट बुडाला. दुसरी, १९२७च्या तुफानात गेला. तिसरी, 'रामदास' ही प्रवासी बोट बुडाली त्याच साली गेला. तिन्हींत एक गोष्ट समान, ती म्हणजे टग बुडाला. तिथूनच तपासायला सुरुवात करायची.

नेमकी जागा या नोंदींत लिहिणार नाही. तांब्या-पितळेचा भाव काय चाललाय ते भंगारवाल्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

३० नोव्हेंबर

भरती-ओहोटीचं गणित तात्या बोटांवर करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. दाभोळच्या मुखाशी हे बसतं. इथे, चाळीसेक किलोमीटर आत, पाणी उशिरा येतं आणि उशिरा उतरतं, तो फरक तात्या 'वळणाचा' म्हणून वर मिळवतात. कोष्टक डाउनलोड करून नेलं होतं, पण घड्याळ तात्यांचंच खरं निघालं.

प्लायवूडच्या फळ्या गाळावर टाकून त्यावर बसून मापं घेतली. उरलेली लांबी १३.४ मीटर, रुंदी जास्तीत जास्त ३.९. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, तुकडा तुटलेला असल्यामुळे मूळ लांबी थोडी जास्त असणार.

सगळा वेळ खुंट्यावर गेला. चौरस, २८ सेंटिमीटरचा, सागवानी. डेकवर नुसता बसवलेला नाही, थेट खाली जाऊन पठाणात, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईत, रुतवलेला आहे. बाजूने चार लाकडी गुडघे. वरच्या टोकाला मागच्या अंगाने दोराच्या खाचा पडल्यात, विहिरीच्या काठच्या दगडावर पडतात तशा. पुढच्या अंगाला एकही नाही. म्हणजे ओढ कायम मागून होती.

आणि खुंट्याची जागा बोलकी आहे. प्रवासी लाँचला दोर बांधायचे खुंटे नाळेशी आणि वरामीशी, म्हणजे मागच्या टोकाशी, असतात. ओढणाऱ्या बोटीचा खुंटा मध्यापासून जरासा मागे, पण सुकाणू आणि पंख्याच्या बराच पुढे हवा. दोर अगदी शेवटाला बांधला तर मागचा भार बोटीचं ढुंगण धरून ठेवतो, सुकाणू कितीही फिरवा, नाळ वळत नाही. दोर मध्याजवळ असला की बोट त्याच्याभोवती फिरू शकते. याची दुसरी बाजूही आहे. ओढलेला पडाव, म्हणजे मालाची होडी, प्रवाहाने बाजूला गेला आणि दोर आडवा ताणला गेला, तर टग क्षणात कलंडतो. जगभर टग असेच बुडालेत, म्हणून दोर झटक्यात सोडायची सोय ठेवतात. इथे खुंट्यालगत एका लोखंडी आकड्याची बैठक आहे. आकडा गेलेला, बैठकीचे बोल्ट शिल्लक.

तेव्हा टग हे गावाचं म्हणणं बरोबर. खुंटा पाहिल्यावर त्यात शंका उरत नाही.

१५ डिसेंबर

अमावास्येचं उधाण. काम झालं नाही. बोटीपासून वीसेक पावलांवर मगर उन्हाला पडली होती. तात्यांनी वल्हं पाण्यावर आपटलं, तिने डोळा उघडून मिटला. "मास्तर, आज ती कामावर आहे," तात्या म्हणाले. हिवाळ्यात इथे त्या चिखलावर येतातच. परत फिरलो.

२८ डिसेंबर

आज कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम सोबत होत्या. सुटून पडलेल्या तुकड्यांना ब्लेडने ताजा काप देऊन दहापट भिंगाखाली पाहिले. सागवानात वर्षाच्या सुरुवातीच्या नळ्या मोठ्या आणि एका रांगेत येतात, त्यामुळे वलय उघड दिसतं. ऐनाच्या नळ्या विखुरलेल्या. फळ्या आणि पठाण सागवान निघालं, वांक बहुतेक ऐन. वांकांना नैसर्गिक वाकाचं लाकूड निवडलंय, कापून वळण दिलेलं नाही.

कार्बन काढून वय कळेल का, असं प्रत्येक जण विचारतो. नाही. साधारण १६५०नंतरच्या लाकडाला ती पद्धत धड एक उत्तर देतच नाही, तीन-चार वेगवेगळे काळ दाखवते. सागवानाची वलयं मोजून मात्र काही साधू शकतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा अभ्यास झालेला आहे. पण त्याला जाड आडवा छेद लागतो, आणि पठाणाला करवत लावायची माझी तयारी नाही.

खरी गंमत फळ्यांच्या सांध्यात. विलायती पद्धतीत फळ्या कडेला कड भिडवून लावतात आणि मागाहून फटीत जुन्या दोराचे धागे ठोकून वर डांबर ओततात. इथे तसं नाही. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ, आणि बसवण्याआधीच मध्ये कापूस. एका ठिकाणी सांधा जरा उघडला होता, तिथे आत कापसाची पट्टी अजून आहे. तेलाने काळी झालेली, चिमटीत धरली तर तंतू सुटतात. हे आपल्या किनाऱ्यावरच्या सुतारांचं काम आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी अशाच सागवानी बांधणीवर नाव कमावलं. तिथे १८१७ साली बांधलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे.

इंग्रजांचा टग ही कथा इथे डळमळते. साहेबाने विकत घेतला असेल, पण बांधला आपल्याच माणसांनी, आणि हात मचवा बांधणाऱ्याचा आहे.

६ जानेवारी २०२४

कालुस्त्याला चाचांकडे. वय नव्वदीच्या घरात, नजर अधू, आवाज खणखणीत. वडील बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. चहा येईपर्यंत त्यांनी माझीच उलटतपासणी घेतली. कोणाचा मी, कुठे शिकवतो, डिझेल मेकॅनिक शिकवतो तर बोट कशाला बघतो.

मग सांगू लागले. मुंबईच्या आगबोटी दाभोळला नांगर टाकत. आगबोट धक्क्याला लागत नसे. पडाव तिच्या अंगाला जाऊन माणसं आणि माल उतरवून घेत. चिपळूणला यायचं तर पुढे खाडीने गोवळकोट. माणसं लाँचने, माल पडावात. भरती मिळाली तर पडाव पाण्याबरोबर वर येई, ओहोटी लागली की मध्येच नांगर टाकून सहा तास बसा. "टग आला ना, तसं हे बसणं संपलं. तीन-तीन पडाव एकामागे एक बांधून आणायचा. शिट्टी इथपर्यंत ऐकू येई."

कुंभार्ली घाटातून कऱ्हाडकडचा माल इथे उतरायचा, आणि खालून मीठ, नारळ, मंगळुरी कौलं वर जायची. ओहोटीतले सहा तास वाचणं म्हणजे व्यापाऱ्याला रोकड पैसा, हे चाचांनी दोनदा सांगितलं.

बुडाल्याची हकीकत विचारली. "तुफानात. बाबांनी डोळ्यांनी बघितला." साल? कधी १९२७ म्हणतात, कधी 'रामदास'चं. दोन्ही तारखा कोकणी माणसाच्या डोक्यात खिळ्याने ठोकलेल्या आहेत. 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी एकाच दिवशी गेल्या, ११ नोव्हेंबर १९२७. 'रामदास' गेली १७ जुलै १९४७ला, भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना, काशाच्या खडकाजवळ. गटारी अमावास्येचा दिवस होता, ६००हून अधिक माणसं गेली. त्यानंतर किनाऱ्यावर कुठलीही बोट हरवली की तिची आठवण याच दोन तारखांपैकी एकीला जाऊन चिकटते. चाचांना खोटं पाडायचं नाहीये, पण या तारखा मी पुरावा म्हणून धरत नाही.

१३ जानेवारी

आजचा दिवस माझ्या धंद्यातला.

खुंट्याच्या पुढे इंजिनाची बैठक आहे, पठाणाला समांतर दोन जाड सागवानी तुळया. गाळ हाताने आणि रंगाच्या ब्रशने काढला, पाण्याचा झोत वापरला नाही. तुळयांवर बोल्टांची भोकं आहेत, आणि ती दोन प्रकारची. एक संच मोठा, लांब अंतरावर, भोकांच्या कडा गंजाने काळ्या आणि लाकूड दबलेलं. दुसरा संच बारीक, जवळजवळ, कडा अजून धारदार. पहिल्यातली काही भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवली आहेत आणि एका बुजवलेल्या भोकाची कड चिरून नवं भोक पाडलंय. कोण आधी, कोण नंतर, यात वाद नाही.

मोठ्या संचापुढे रिकामी जागा, तिच्या तळाशी वांकांच्या बेचक्यात कोळशाचे खंगर, म्हणजे जळून उरलेले गोळे. बादलीभर. त्यातच भट्टीच्या विटेचा अर्धा तुकडा, त्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरं, शेवटची 'बॉइग' अशी वाचता येतात. स्कॉटलंडमधल्या ग्लेनबॉइगच्या विटा त्या काळी जगभर बॉयलरांना लागत. विटेवरून बोटीचं वय ठरवणं मात्र धोक्याचं, कारण एका बॉयलरची वीट दुसऱ्यात, तिसऱ्यात जाते. इथे ती एवढंच सांगते की आत बॉयलर होता.

म्हणजे पहिला जन्म वाफेचा. दुसरा तेलाच्या इंजिनाचा. बारीक संचाची मांडणी पाहता एका बैठकीवर मावणारं छोटं, उभं इंजिन असावं. वाफेच्या इंजिनाला बॉयलर, कोळसा, पाणी आणि आगवाला एवढा सगळा लवाजमा लागतो. तेलाचं इंजिन आलं की अर्धी बोट मोकळी होते आणि एक पगार वाचतो. मालकाने हे गणित केलंच असणार.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासकट बुडालेल्या बोटीला दुसरं इंजिन कोण बसवेल? ती कथा इथे संपली.

१ फेब्रुवारी

मुंबईत पुराभिलेखात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. इंग्रजांनी बंदरखात्याचे कागद उदंड ठेवलेत. किनाऱ्यावर चालणाऱ्या बोटींनी नाव आणि नंबर ठळक लावावा असा कायदा १८३८चा, आणि नद्या-खाड्यांतल्या वाफेच्या बोटींची नोंदणी-तपासणी १९१७च्या कायद्याखाली. पण कागद नावाने लावलेले असतात. माझ्याकडे नाव नाही, बोल्टांचं अंतर आहे. फायलींचे क्रमांक उतरवून घेतले. १८८०चं रत्नागिरी गॅझेटियर पुन्हा वाचलं, चिपळूण-गोवळकोटच्या व्यापाराची पानं मोबाइलवर घेतली. वडापाव, रात्रीची गाडी.

१२ फेब्रुवारी

अमावास्येचं उधाण उतरतीला लागलं होतं, तरी पाणी बरंच खाली गेलं. वरामीचा भाग पहिल्यांदाच कोरडा मिळाला. या एका सकाळीने कामाची दिशा पक्की केली.

पंखा नाही. पंख्याचा दांडाही नाही. दांडा जिथून बाहेर येतो त्या नळीत आतून लाकडी गुडदी ठोकलेली आहे, तिच्याभोवती शिशाची पट्टी गुंडाळून. तुफानात बुडणाऱ्या बोटीला कोणी आधी दांडा ओढून काढून भोक नीट बुजवत नाही. सुकाणूही काढलेलं. बिजागऱ्यांच्या पिना उपसलेल्या, मोडलेल्या नाहीत.

मग पठाणाखाली हात घातला. पिवळसर धातूच्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा लागला, आणि फळ्यांवर त्या पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांच्या तिरप्या ओळी. हा मुंट्झ धातू, तांबं साठ टक्के आणि जस्त चाळीस, १८३२चं पेटंट. किडा लागू नये म्हणून तळाला मारत. पत्रा सगळा सोलून नेलाय, राहिला तो फक्त पठाणाखाली दबलेला. जिथे हात पोचला नाही तिथलाच.

आणि आत चिरे. जांभ्याचे, घडवलेले, उघड्या बाजूच्या वांकांमध्ये ओळीने रचलेले. खाली दोन थर शाबूत आहेत, सांधमोड करून, म्हणजे खालच्या थराच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ न देता, भिंत बांधतात तसेच. हे बोट स्थिर राहावी म्हणून घातलेलं वजन नव्हे. तसं वजन तळाशी पठाणालगत असतं, गोटे असतात, आणि त्याची कोणी सांधमोड करत बसत नाही.

तात्या थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, "मास्तर, ही बुडाली नाय. ही पुरली."

२६ फेब्रुवारी

आज फक्त लाकडाच्या तब्येतीची नोंद.

खाऱ्या पाण्यातला लाकूडखाऊ किडा खरं तर किडा नाही, शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे. लांब, मऊ, तोंडाशी दोन इवल्या शिंपा, त्यांनी लाकूड किसत जातो आणि मागे बोगद्याला चुन्याचं अस्तर लावतो. कोकणच्या कोमट पाण्यात उघडी फळी काही महिन्यांत पोखरून टाकतो. वांकांच्या वरच्या टोकांवर त्याचे बोगदे भरपूर आहेत, पांढरं अस्तर स्पष्ट. पण सगळे रिकामे, जिवंत एकही नाही. गाळाखालचं लाकूड तर नखाने दाबलं तरी दबत नाही. गाळात प्राणवायू नाही, तिथे हा प्राणी जगत नाही.

वरची टोकं तरी का उरली? माझं उत्तर कोयना. १९६०च्या दशकापासून पोफळीच्या वीजगृहाचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठीत येतं, बारा महिने. त्याआधी उन्हाळ्यात खारं पाणी इथवर चढत असणार. गोडं पाणी सतत यायला लागल्यावर किड्याचं राज्य खाली सरकलं. तेव्हा बोगदे अवजलाच्या आधीचे, आणि बोट इथे येऊन पडली तीही त्याआधी. हा अंदाज आहे, पण लाकडावर आधारलेला.

१२ मार्च

चिऱ्यांचं उत्तर काठावर मिळालं. बोटीच्या रेषेत किनाऱ्याला जुन्या खारबांधाचा, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाचा, उंचवटा आहे. आत आता बोरू माजलाय, पण शेजारच्या आजींनी लगेच सांगितलं की तिथे भात होत असे. उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप, कुठे होती तेही दाखवलं. "बांधाला खांड पडली की गाव जमायचा. पेंढा, चिखल, दगड. एकदा मोठी खांड पडली, काही केल्या बुजेना. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी आणि इतरांनी मोडकी बोट आणून आडवी घातली असं ऐकलंय."

ज्यांची उघाडी आणि खांड पाहण्यात हयात गेली त्यांना हे चटकन पटेल. भरतीचं पाणी खांडीतून आत-बाहेर करायला लागलं की टाकलेली माती टिकत नाही. तिथे आधी एक अख्खं धूड हवं, जे पाण्याला अडवेल आणि ज्याच्या पाठीशी माती धरेल. इंजिन, पंखा, पत्रा विकून झालेली तेरा मीटरची सागवानी बोट फुकट मिळत असेल तर यापेक्षा चांगलं काय? भरतीवर आणली, आडवी लावली, चिरे रचले.

आजींनी आणखी एक सांगितलं. पुढे माणसं मुंबईला गेली, बांधाकडे बघायला कोणी उरलं नाही, आणि बांध फुटला तो पुन्हा बांधला नाही. बोट गाळाखाली गेली ती त्यानंतर.

मला ही बोट आता जास्त आवडायला लागली आहे. तुफानात बुडालेल्या बोटी पुष्कळ. वाफ, तेल आणि शेवटी बांध अशा तीन नोकऱ्या केलेली हीच एक.

२७ मार्च

होळीचं उधाण. ग्रामपंचायतीत बैठक झाली. दोघांचं म्हणणं पडलं की बोट वर काढून नाक्यावर ठेवू, पर्यटक येतील. मी आणि मॅडमनी मिळून विरोध केला. इतकी वर्षं ओलं राहिलेलं लाकूड वर काढून वाळवलं की पाण्याने धरून ठेवलेल्या पेशी कोसळतात, फळी पिळवटते आणि चिरते. स्वीडनने 'वासा' १९६१ला वर काढली, तिच्यावर पुढची १७ वर्षं रसायनाचा फवारा मारत बसले. ग्रामपंचायतीच्या टँकरने ते होणार नाही. शिवाय १०० वर्षं झालेली वस्तू पुरावस्तू ठरते, १९७२चा कायदा आहे. वाफेचा पहिला जन्म त्या रेषेच्या पलीकडचा असू शकतो. खिळासुद्धा घरी न्यायचा नाही, हे ठरावात लिहून घेतलं.

त्याप्रमाणे आज उघडी टोकं खाडीच्याच गाळाने भरलेल्या सुतळी पोत्यांनी झाकली. भोईवाडीतली पोरं होती, तासाभरात झालं. खुंटा तेवढा बाहेर ठेवलाय, नाहीतर रात्री होडी आपटायची. मापांचा आराखडा आणि मोबाइलवरच्या फोटोंपासून केलेलं त्रिमित चित्र दोन ठिकाणी ठेवलं, एक प्रत मॅडमकडे. पुराभिलेखात आता नावाऐवजी दुरुस्तीकडून जायचं. वाफेचं इंजिन काढून तेलाचं बसवल्यावर बोटीची तपासणी नव्याने करून घ्यावी लागे, त्या फायली मागवायच्या आहेत.

संध्याकाळी चाचांकडे जाऊन गुडदीचा आणि चिऱ्यांचा फोटो नातवाकडून त्यांना समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चिऱ्यांवर मान हलवली, आणि म्हणाले, "ही तुमची बोट वेगळी. बाबांनी बघितली ती बुडाली." मग ती कुठे बुडाली, कुठल्या वळणावर, पडाव किती होते, दोर कोणी तोडला, हे त्यांनी इतक्या तपशिलात सांगितलं की मी लिहीत राहिलो. आडवा ताणलेला दोर आणि कलंडलेली बोट, दोन्ही त्यांच्या सांगण्यात होती, मी विचारण्याआधी. ही हकीकत नव्या वहीत, दुसऱ्या टगाच्या खात्यावर घेतली आहे. त्यांनी सांगितलेलं वळण तात्यांना माहीत आहे, तिथे जाळी अडकतात म्हणतात.